व्याकरणाचे शुक्रवार

आज सकाळी मुक्ताचा मेसेज आला. लाँग टर्म प्लॅनमध्ये हायफन येतो का, लवकर सांग. आई कशी आहेस, बाबांचा गुडघा काय म्हणतो, यातलं काही नाही. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते, कंपनीचे जाडजूड अहवाल इंग्रजीत लिहिते, आणि अडली की अजूनही मस्कतला आईकडे विचारणा पाठवते. मी 'येतो' असं लिहिलं. मग राहवेना, म्हणून खाली लिहिलं की ते दोन शब्द मिळून पुढच्या नामाबद्दल काही सांगत असतील तर येतो, एरवी नाही. तिने अंगठ्याचं चित्र पाठवलं. प्रश्न एका ओळीचा आणि उत्तर परिच्छेदाचं, ही माझी जुनी खोड आहे.

फोन ठेवला आणि खिडकी उघडली. मस्कतमध्ये खिडकी उघडता येणं ही साधी गोष्ट नाही. वर्षातले कितीतरी महिने इथली खिडकी म्हणजे नुसती बाहेर बघायची काच असते. थंडीत ती जरा माणसात येते आणि मार्चमध्ये तिचे शेवटचे दिवस भरत आलेले असतात. अल् खुवैरच्या आमच्या गल्लीत या दिवसांत समुद्राकडून दमटसर वारं येतं, पार्किंगमधल्या कडुनिंबाला फुलं आलेली असतात आणि मागचे बोडके डोंगर अजून तापलेले नसतात. भरदुपारी शाळेची बस येते, कारण पेपर चालू आहेत. मुलं प्रश्नपत्रिका हातात धरूनच उतरतात आणि उतरता उतरता एकमेकांना इंग्रजीत विचारत असतात की नऊ नंबरच्या 'बी'चं तू काय लिहिलंस. ते कानावर पडलं की माझा हात अजून आपसूक लाल पेनाकडे जातो.

पेपरांचे असे कितीतरी मार्च या घरात येऊन गेले. मनात राहिलाय तो एकच, मुक्ताच्या दहावीचा. त्या वर्षी आमचं जेवणाचं टेबल जेवणाचं राहिलंच नव्हतं. त्याच्यावर सराव प्रश्नपत्रिकांचा ढीग, शेजारच्या मल्याळी घरातल्या अनूपचा कंपास, मुक्ताची रंगीत पेनं, आणि या सगळ्यात कुठेतरी लोणच्याची बरणी. सुधीर, म्हणजे माझा नवरा, ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवायचा आणि आपल्याच घरात आपल्याला राखीव जागा नाही म्हणून कुरकुरायचा. मी लग्नाआधी ठाण्याला एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. इथे आल्यावर नोकरी केली नाही, पण मास्तरकी अंगात मुरली की जात नाही. हॉटेलच्या मेनूकार्डातल्या चुका मी आजही वेटरला दाखवते. सुधीर तेवढ्यापुरता दुसऱ्या टेबलाकडे बघत असतो.

मुलांचे प्रश्न दरवर्षी तेच. ट्वेंटी फाइव्हमध्ये हायफन, मग हंड्रेडनंतर का नाही? मदर इन लॉमध्ये दोन का? वन ऑफ द बॉइज म्हटल्यावर समोर बॉइज दिसतायत, मग पुढे 'आर' का नाही? न्यूज एक की अनेक? मी समजावत जायची. एवढी मुलं उभी असतील, पण आपण बोलतोय त्यातल्या एकाबद्दल. क्रियापदाने गर्दीकडे बघायचं नाही, आपल्या माणसाकडे बघायचं. अनूप मान डोलवायचा आणि पुढच्याच वाक्यात 'आर' लिहायचा.

व्याकरणात मला बरं वाटायचं ते याचसाठी की तिथे उत्तर असतं. आखातात राहणाऱ्या माणसाला बाकी कशाचंच धड उत्तर देता येत नाही. किती वर्षं राहणार? अजून दोन. परत कुठे जाणार? बघू. मुलगी बारावीनंतर काय करणार? जाईल तिकडे. इथल्या प्रत्येक घरात ठाऊक असतं की बारावीचा शेवटचा पेपर झाला की मूल विमानात बसणार आणि मग सुट्टीपुरतं येणार. मुक्ताच्या दहावीत मला त्या विमानाची घरघर ऐकू यायला लागली होती. त्यामुळे मी तिला जरा जास्तच व्याकरण शिकवत होते. काहीतरी देऊन पाठवायचं म्हणून.

अशा त्या टेबलाशी परब येऊन बसला.

वासुदेव परब कुडाळजवळच्या एका गावचा. रुसैलला लोखंडी कामाच्या एका कारखान्यात होता. वेल्डर म्हणून आला, हळूहळू पाच-सहा माणसांच्या टोळीचा मुकादम झाला. सुधीरला कामाच्या तपासणीसाठी त्या कारखान्यात जावं लागायचं. तिथे जेवणाच्या सुट्टीत मराठी बोलणं निघालं आणि सुधीरने, नेहमीप्रमाणे मला न विचारता, 'आमच्याकडे घरचीच बाई आहे, इंग्रजी एक नंबर शिकवते' असं सांगून टाकलं. परबला सुपरवायझर व्हायचं होतं. काम त्याला येत होतं, पण सुपरवायझरला रोजचा अहवाल आणि गिऱ्हाइकाला ईमेल इंग्रजीत लिहावं लागे, म्हणून कंपनी लेखी परीक्षा घ्यायची. आदल्या वर्षी तो त्या परीक्षेत आपटला होता. त्या वर्षीची मार्चअखेर होती.

शुक्रवार म्हणजे इथली साप्ताहिक सुट्टी. पहिल्या शुक्रवारी तो आला तोच उशिरा, आणि कानशिलं लाल करून. हायवेला शेअर टॅक्सीतून उतरून तो चालत आला होता. अल् खुवैरमध्ये कोणी चालत नाही. जो चालतो तो लगेच नजरेत भरतो, आणि आमच्या इमारतीच्या नातूरने, म्हणजे वॉचमनने, त्याला खाली अडवून ठेवलं होतं. मी उतरले. नातूर बांगलादेशी होता, माणूस चांगला, पण नियमाचा पक्का. "मॅडम, ये फॅमिली बिल्डिंग है," तो म्हणाला, "बॅचलर अलाऊ नहीं." इथे बायको-मुलं गावाला ठेवून आलेल्या माणसालाही बॅचलरच म्हणतात. चार मुलांचा बाप असला तरी बॅचलर. त्यांची राहायची जागा वेगळी, बागेत जायचे दिवस वेगळे, आणि असल्या इमारतीत त्यांना काही कामाशिवाय यायचं नाही.

मला राग आला. रागावले की मी आधी बोलते आणि मग विचार करते. उचलली जीभ लावली टाळ्याला. "बॅचलर काहे का? भाई है मेरा," मी म्हटलं. नातूरने माझ्याकडे पाहिलं, परबकडे पाहिलं. मी गोरटेली, तो उन्हात करपलेला. "सगा?" त्याने विचारलं. आता मागे कशी येणार? "सगा," मी म्हटलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्टमध्ये आम्ही दोघंही आकडे बदलताना बघत उभे राहिलो. त्याला माझं नाव माहीत नव्हतं आणि मला त्याचं आडनाव तेवढं ठाऊक होतं.

घरात शिरल्यावर मुक्ता आणि अनूपने त्याला काय म्हणायचं हा प्रश्न आला. अंकल म्हटलं तर खाली नातूरच्या कानावर जायचं. म्हणून तो मामा झाला. अनूपसुद्धा त्याला मामा म्हणायला लागला. मला तो आधी मॅडम म्हणायचा, मग मॅडमताई, आणि मग नुसतं ताई. मी आईवडिलांची एकुलती एक, मला ताई म्हणणारं घरचं कोणी नव्हतं. पहिल्यांदा त्याने म्हटलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं.

तर त्या टेबलाशी एका बाजूला दहावीची दोन मुलं आणि त्यांच्या समोर हा दणकट माणूस. जाड बोटांत पेन्सिल धरलेली, टोक दर दोन मिनिटांनी मोडायचं. मुलांना सोडवायला दिलेला कागदच मी त्यालाही द्यायची. 'द बंडल ऑफ रॉड्स' पुढे तो न चुकता 'आर' लिहायचा. मी म्हणायची, बंडल किती? तो म्हणायचा, एक. मग? तर त्याचं म्हणणं, "ताई, पण उचलायच्या तर सळ्याच ना. माझ्या पोरांच्या खांद्यावर बंडल नाही येत, सळ्या येतात." मुक्ताने इंग्रजीत सांगितलं की अनूपलाही हे पटायचं. मला माझा वर्ग हातातून जाताना दिसायचा.

हायफनचं मात्र त्याला लगेच जमलं. दोन पत्रे पक्के जोडायच्या आधी वेल्डर त्यांना ठिपक्याएवढा जोड देतो, म्हणजे ते सरकत नाहीत. त्याला टॅक मारणं म्हणतात. परबने पहिल्याच दिवशी हायफनकडे बघून म्हटलं, "हा टॅक आहे." तेव्हापासून आमच्या घरात हायफन हा शब्द गेलाच. पार्ट टाइम जॉब, टॅक मारायचा का? वेल नोन रायटर, मारायचा. द रायटर इज वेल नोन, नाही मारायचा. मुक्ता दहावीच्या पेपराला जाताना बसस्टॉपवर अनूपला ओरडून म्हणाली होती की फर्गेट एव्हरीथिंग, जस्ट रिमेंबर द टॅक. बाकीची मुलं बघत राहिली.

गंमत म्हणजे परबचं इंग्रजी जिथे अडायचं तिथे मुक्ताचं मराठी अडायचं. ती म्हणायची, 'मामा, मी अभ्यास केली, तू चहा पिली का?' परब हसून हसून डोळे पुसायचा. मग गंभीर होऊन म्हणायचा की इंग्रजीत नुसता एक 'एस' सांभाळायचा तर माझी दमछाक होते, ह्या पोरीला आपली तीन-तीन लिंगं सांभाळायची आहेत, तिला काही बोलू नका. आम्हाला आमच्याच मुलीचं मराठी ऐकताना खंत वाटायची, पण त्याच्यासमोर ती कधी लाजली नाही. दोघंही बिनधास्त चुकायची. त्या मार्चमध्ये आमच्या टेबलावर जेवढ्या चुका झाल्या तेवढ्या मी आयुष्यात कधी आनंदाने तपासल्या नाहीत.

बाराच्या सुमाराला मशिदीतून जुम्म्याच्या नमाजाची बांग यायची, मग प्रवचन सुरू व्हायचं आणि रस्ते एकदम रिकामे व्हायचे. आम्ही पुस्तकं सरकवून जेवायला बसायचो. मी आमटी, भात, एखादी उसळ केलेली असायची. परब येताना सीबच्या बाजारातून कधी बांगडे आणायचा, साफ करून, मीठ लावून. नातूर आता त्याला सलाम करायचा आणि 'मॅडम का भाई आया' असं लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचा. कोणी खोटं बोलून पचवायला लागलं की ते असं अंगावर येतं. चौथ्या मजल्यावरच्या बाई मला म्हणाल्या, तुमचे भाऊ अगदी तुमच्यासारखे दिसतात हो.

जेवण झालं की परब हात धुऊन बाल्कनीत जायचा. ही त्याची गावच्या फोनची वेळ. रुसैलच्या खोलीत त्यांची सात-आठ माणसं एकत्र, तिथे कोणाला निवांत बोलता यायचं नाही. इंटरनेटवरून फोन करणं तेव्हा इथे बंद होतं, त्यामुळे चेहरे दिसायचा प्रश्नच नव्हता. तो फोनचं कार्ड घासून नंबर फिरवायचा आणि सरकता दरवाजा अर्धवट लोटून घ्यायचा. पण कोकणातला माणूस गावाला फोन करतो तेव्हा गावापर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलतो. आम्हाला त्याची बाजू सगळी ऐकू यायची. जेवलंस? काय जेवलंस? मांजर खंय गेला? इला परत? कोणी मारल्यान तुका? मग लांबलचक शांतता, त्यात तो नुसता 'हां... हां' करत हसत असायचा. पलीकडे त्याची मुलगी सानिका असायची. ती मुलगी फोनवर किती बोलायची ते आम्हाला त्याच्या शांततेवरून कळायचं.

आत आला की तो ते कार्ड नीट पाकिटात ठेवायचा आणि कागद पुढ्यात ओढायचा. एकदा मीच म्हटलं की मुलगी बडबडी आहे तुझी. तो म्हणाला, "फोनवर बडबडी, ताई. घरी गेलो की माझ्यासमोर येत नाही." मग त्याने सांगितलं. ती जन्मली तेव्हा तो इथे होता. दोन वर्षांनी एकदा सुट्टी, ती महिन्याभराची. मागच्या वेळी गेला तर ती आईच्या पदराआड. हाक मारली की पळून परसात. दर शुक्रवारी आईला विचारायची की बाबांचा फोन का येत नाही आता, आणि बाबा तिथेच ओट्यावर बसलेला. निघायच्या दिवसांत कुठे ती जवळ येऊन बसायला लागली होती. मग बॅग भरली.

"सुपरवायझर झालो तर फॅमिली स्टेटस मिळतं," तो म्हणाला. फॅमिली स्टेटस म्हणजे बायको-मुलांना इथे आणायची परवानगी. "ती या वर्षी पहिलीत जाणार. आता आली तर आली. एकदा गावात शाळा सुरू झाली, आई म्हातारी, सगळं तिथेच रुजतं. मग मी असाच." मी त्याच्या पुढ्यात आणखी एक कागद सरकवला. आजही आठवलं की वाटतं, काहीतरी बोलायला हवं होतं, पण माझ्याकडे द्यायला तेवढंच होतं आणि त्यालाही तेवढंच हवं होतं. त्याने पेन्सिलीला टोक केलं.

त्यानंतर मी त्याला नीट पिळून काढलं. आधीपर्यंत मी हौसेने शिकवत होते, आता धास्तीने शिकवायला लागले. मुक्ताच्या गणिताच्या पेपराची मला जेवढी काळजी नव्हती तेवढी याच्या 'इज' आणि 'आर'ची होती. मुक्ताने ते ओळखलं. पेपर चालू असताना ती आपणहून त्याच्यासाठी वाक्यं काढून ठेवायची, तीही कारखान्यातली. क्रेन, बोल्ट, सेफ्टी हेल्मेट. 'द बॉक्स ऑफ बोल्ट्स.' 'द मेन अँड द सुपरवायझर.' तो सोडवायचा आणि ती लाल पेनाने बरोबरच्या खुणा करायची, अगदी माझ्यासारख्या, शेपूट लांब काढून. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहायची. ती दोघं वाकून बसलेली, बाजूला खिडकीचा पडदा हलतोय, कडुनिंबाच्या फुलांचा बारीक वास, आणि मला वाटायचं की हा शुक्रवार संपू नये. मुलगी अजून घरात आहे, खिडकी अजून उघडी आहे.

परीक्षा झाली त्या दिवशी त्याचा फोन आला. पेपर कसा गेला विचारलं तर म्हणाला, "काही ठिकाणी टॅक मारला, काही ठिकाणी नाही मारला. अर्बाब म्हणतो इन्शाल्ला." अर्बाब म्हणजे मालक, आणि इन्शाल्लाचा अर्थ इथे हो, नाही, बघू, विसर, यांपैकी काहीही असू शकतो. आम्ही वाट बघत राहिलो. मुक्ताचे पेपर संपले. खिडक्या बंद झाल्या, एसी सुरू झाले. टेबल पुन्हा जेवणाचं झालं आणि सुधीर त्याच्यावर एकटाच ऐसपैस बसून जेवायला लागला. तो म्हणाला, काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय.

एप्रिलच्या अखेरीस एका शुक्रवारी बेल वाजली. परब दारात उभा, हातात भली मोठी सुरमई. आत न येताच म्हणाला, "खलास, ताई. पास." खलास म्हणजे इथे काम झालं. मी त्याच्या हातातली सुरमई घेतली आणि तशीच उभी राहून रडले. तो घाबरला. त्याला वाटलं सुरमईचा काटा माझ्या हातात घुसला.

मग कागदपत्रं, शिक्के, भाड्याची जागा, यात उन्हाळा गेला. ऑगस्टमध्ये, सुट्टीनंतर इथल्या शाळा उघडतात त्याच्या आधी, त्याची बायको सुलभा आणि सानिका आल्या. आम्ही पुढच्याच शुक्रवारी त्यांना जेवायला बोलावलं. सुलभा सडपातळ, शांत, डोळ्यांनी सगळं टिपणारी. आत आल्यावर तिने पिशवीतून नारळ, तांदूळ आणि खण काढला, माझी ओटी भरली आणि वाकून नमस्कार करत म्हणाली, "वन्सं, ह्येंनी सांगितल्यानी होता, मस्कताक माका बहीण गावली म्हणान." वन्सं म्हणजे नणंद. नातूरला रागाच्या भरात ठोकून दिलेली थाप कुडाळपर्यंत जाऊन आली होती आणि तिथे ती कोणाला थाप वाटली नव्हती. मी तिला उठवलं. सुधीरने तेवढ्यात चष्मा पुसायला काढला.

सानिका आईच्या मागे. दोन वेण्या, मोठे डोळे. मुक्ताने तिला रंगीत पेनं दिली, ती घेतली. मी लाडू दिला, तो घेतला. परबने "हय बस गे, बाय" म्हणून आपल्या शेजारची खुर्ची ओढली, तर ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. परब हसला, पण ते हसू बघवलं नाही. सुलभा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली की आठवडा झाला तरी पोर बापाशी अवाक्षर बोललेली नाही. तो रोज आइस्क्रीम आणतो, कुरुमच्या समुद्रावर घेऊन जातो. ती आइस्क्रीम खाते आणि आईच्या कानात बोलते. मी आमटी ढवळत राहिले. माझ्या मनात आलं, इतकं सगळं करून शेवटी उशीरच झाला की काय.

आम्ही जेवलो. नेहमीची आमटी, भात, उसळ, आणि परबने आणलेले बांगडे. पानं आवरली तशी सानिका चुळबुळ करायला लागली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची, आईकडे बघायची. मग तिने सुलभाच्या पर्समधून फोन काढून घेतला आणि पुढ्यात टेबलावर ठेवला. "काय गे?" सुलभाने विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "आज शुक्रवार. बाबांचो फोन येतलो."

अनूप नव्हता म्हणून बरं, नाहीतर तो हसला असता. मी परबकडे बघायचं टाळलं. तो खुर्ची मागे सारून उठला. हात धुतले. मग कित्येक शुक्रवारी जायचा तसा बाल्कनीकडे गेला, दरवाजा सरकवला आणि बाहेर जाऊन लावून घेतला. मस्कतच्या ऑगस्टमध्ये भरदुपारी बाल्कनीत कोणी पाऊल ठेवत नाही. रेलिंगला हात लावला तर चटका बसतो. क्षणभरात आत आलेली गरम हवा माझ्या तोंडावर आली. काचेतून त्याची पाठ दिसत होती, कानाशी फोन.

टेबलावरचा फोन वाजला.

सानिकाने तो दोन्ही हातांनी उचलला आणि जी बोलायला लागली ती थांबेना. इतके शुक्रवार मी त्याची बाजू ऐकली होती, आज काच बंद होती आणि मला तिची ऐकू येत होती. बाबा, तू जेवलंस? आमी विमानातून इलो. विमानात पाव दिल्यानी, माका नको होतो. मांजर आजयेकडे ठेवलंय. हय सगळी माणसा गाडयेन जातत. हय एक ताई आसा, तिना माका पेनां दिल्यान. माका शाळेत घालतले, पण माका इंग्लिस येयना नाय. मग थोडी थांबली. काचेकडे बघत होती. पलीकडे त्याच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा डाग पसरत चालला होता. तो काय म्हणाला ते आम्हाला कळलं नाही, पण तिने मान हलवली, फोनवर मान हलवलेली दिसत नाही हे विसरून.

मुक्ता आता रविवारी फोन करते. समोर असताना मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारी माझी मुलगी फोनवर तासभर बोलते, आणि मी खिडकीशी उभी राहून 'हं... हं' करत असते. त्या वेळी मला दर वेळी परबची ती पाठ आठवते. लांब गेलेल्या माणसाशी बोलायची एक सवय होऊन जाते, आणि माणूस परत आला तरी सवय लगेच घरी येत नाही. तिला थोडा वेळ द्यावा लागतो, बाहेर उन्हात उभं राहून द्यावा लागला तरी. हे मला त्या दुपारी कळलं. त्याआधी मला वाटायचं की पेपर पास झाला की झालं.

बोलता बोलता सानिका खुर्चीवरून उतरली. फोन कानाला तसाच लावून ती काचेपाशी गेली. आता दोघांच्या मधे तेवढी काचच होती. परबने वळून पाहिलं. घामाने निथळत होता, आणि नुसता घाम नव्हता.

"बाबा," ती फोनमध्ये म्हणाली, "तू भायर कित्याक उबो आसस? भायर गरम आसा. भितर ये."

त्याला जागचं हलता येईना. तिने वाट बघितली, मग एका हाताने फोन कानाशी धरून दुसऱ्या हाताने तो जड दरवाजा स्वतःच ढकलायला लागली.